बाईक म्हणजे सायकल

(डोंबिवली पूर्व. आयईएलटीएसचा क्लास. स्टेशनपासून चालत सात मिनिटं, रिक्षाने वीस. उमेदवार चौतिशीचा, ठाण्याला नोकरी, कॅनडाची फाईल लावलेली.)

मॅडम: समजा, मी परीक्षक. डू यू हॅव अ बाईक?

उमेदवार: येस मॅडम. स्प्लेंडर.

मॅडम: अहो, सायकलबद्दल विचारतायत!

उमेदवार: मग सायकल म्हणायचं ना.

मॅडम: तिकडे बाईक म्हणजे सायकलच. बरं, डू यू गो टू वर्क बाय बायसिकल?

उमेदवार: नो.

(शांतता. खालून रिक्षावाल्याचं "एमआयडीसी, एमआयडीसी".)

मॅडम: पुढे?

उमेदवार: पुढे काय? नाही म्हणजे नाही. खरं तेच सांगितलं.

मॅडम: कोर्टात उभे नाही आहात तुम्ही. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार, एवढ्यालाच गुण. खरेपणाला शून्य. आणि नुसतं 'नो' म्हटलंत तर ते मोजणार काय? पहिला भागच चार-पाच मिनिटांचा. किती बँड हवेत?

उमेदवार: सात.

मॅडम: एका शब्दात?

उमेदवार: (डोळे मिटून, एका दमात) बायसिकल इज एन्व्हायर्नमेंट फ्रेंडली, इट रिड्यूसेस पोल्यूशन, इट इज गुड फॉर हेल्थ, मोअरओव्हर...

मॅडम: थांबा. पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं. सकाळच्या बॅचचं मोअरओव्हरसुद्धा इथेच यायचं. मराठीत सांगा, ऑफिसला सायकलने का नाही जात?

उमेदवार: ठाण्याला? मध्ये पारसिकचा डोंगर आहे, मॅडम! इंग्रजांनी १९१६ साली बोगदा सुरू केला तोही रेल्वेचा, सायकलवाल्याचा विचार कोणी केलाच नाही. आणि स्टेशनपर्यंत म्हणाल तर रस्त्यावर रिक्षा, फूटपाथवर भाजी, उरलेल्या जागेत खड्डे. एकदा काढली होती हौसेने. जाताना मी तिच्यावर बसून गेलो, येताना ती माझ्या खांद्यावर बसून आली.

मॅडम: हे! हे बोला की!

उमेदवार: हे परीक्षेत चालतं?

मॅडम: कारण आलं, प्रसंग आला, आणखी काय हवं? आता, लहानपणी सायकल होती?

उमेदवार: चौथीपर्यंत भाड्याची. तासावर. दुकानदाराचं घड्याळ आमच्या घड्याळापेक्षा जोरात पळायचं. आम्ही डबलसीट जायचो. दादा चालवायचा, मी कॅरिअरवर. चेन उतरली की चारही हात काळे, ते आम्ही वाटेतल्या एका काकांच्या भिंतीला पुसायचो. नवा डिस्टेंपर होता.

मॅडम: जायचो, पुसायचो... हेच इंग्रजीतलं 'यूज्ड टू'. म्हणा.

उमेदवार: वुई यूज्ड टू वाइप अवर हँड्स ऑन... अंकल्स वॉल.

मॅडम: कोणाचे अंकल?

उमेदवार: सगळ्यांचेच.

मॅडम: मग नेबर म्हणा. नाहीतर ते तुमच्या घराण्यात शिरतील. पुढे?

उमेदवार: वुई वेंट डबलसीट.

मॅडम: हा शब्द तिकडे नाही. भाऊ चालवायचा, मी मागे बसायचो, असं सांगा.

उमेदवार: शब्दच नाही? मग तिकडे दोघं जातात तरी कसे?

मॅडम: ते तिथे गेल्यावर बघा. आता दुसरा भाग. कार्ड मिळेल, एक मिनिट विचार करायला, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. विषय हाच, लहानपणची सायकल. चला.

(उमेदवार सुरू होतो. आधी अडखळतो. मग यूज्ड टू सापडतं आणि हँडल सरळ होतं. दुकानदार येतो, दादा येतो, चेन दोनदा उतरते. एका रविवारी काका गॅलरीतून सगळं बघतात.)

मॅडम: थँक यू. दोन मिनिटं झाली.

उमेदवार: अहो, पण काका खाली उतरतायत!

मॅडम: परीक्षक असेच मध्ये तोडतात. त्याचे गुण जात नाहीत.

उमेदवार: गुणांचं नाही हो. ते आमच्या घरी आले, बाबांना भिंत दाखवायला घेऊन गेले...

मॅडम: पुढची बॅच खोळंबलीये. (वही मिटतात. दारापर्यंत जातात. परत येतात.) रंगाचे पैसे कोणी दिले मग?