तयार इंजिनाची पारख

मध्यम अंगाच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवले की मसल कार तयार होते. अमेरिकेत ही जात 1964 साली पॉन्टियाक जीटीओने रूढ केली. तिचे इंजिन 6.4 लिटरचे आणि 325 अश्वशक्तीचे होते. भारतात हा मान लोकांनी परस्पर हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसाला देऊन टाकला. व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या व्हिक्टर गाडीच्या साच्यावर बेतलेली कॉन्टेसा 1984 साली रस्त्यावर आली, तेव्हा तिचे नाक लांब होते, खांदे रुंद होते आणि बॉनेटखाली अॅम्बॅसॅडरचे दीड लिटरचे, जेमतेम 50 अश्वशक्तीचे इंजिन होते. व्याख्या नेमकी उलटी झाली होती, पण ते बॉनेट उघडल्याशिवाय कळत नसे. पुढे इसुझूचे 1817 सीसीचे, 88 अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअर मिळाल्यावर ‘कॉन्टेसा क्लासिक’ने दिसण्याची थोडीफार लाज राखली. 2002 साली तिचे उत्पादन थांबले. 2014 च्या मे महिन्यात कंपनीच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातले कामही थांबले. बदली इंजिनाचा प्रश्न तेव्हापासून खऱ्या अर्थाने सुरू होतो.

हा प्रश्न नागावात अभ्यासायला बरा पडतो. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षी मागे पडली की नागाव लागते. दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांत पर्यटकांच्या खोल्या आणि मधून मधून एखाद्या मुंबईकराचा बंगला. अशा बंगल्याच्या पडवीशेजारी ताडपत्रीखाली जी लांबलचक वस्तू दिसते, ती होडी नसेल तर कॉन्टेसा असू शकते. मुंबईत ठेवायला जागा नाही आणि विकायला मन होत नाही, म्हणून ती इथे येते. घरच्या मंडळींनी निर्वाणीचा इशारा दिलेला असणे हेही एक कारण असते, पण ते पाहुण्यांना सांगितले जात नाही.

या गाडीचे इंजिन सामान्यतः दोन प्रकारे संपते. एक तर अलिबागच्या वाटेवरच्या कार्लेखिंडीच्या चढावर तापून, म्हणजे पुष्कळ साक्षीदारांसमोर. नाही तर ताडपत्रीखाली गंजून, म्हणजे गुपचूप. दुसरा प्रकार अधिक आढळतो. काहीही झाले तरी मिस्त्री फडक्याने हात पुसत म्हणतो, ‘‘शेठ, यात आता काय राहिलं नाय. तयार इंजिनच टाकू.’’ शेठना हे ऐकून बरे वाटते, कारण ‘तयार’ म्हटले की आपल्याला काही करायला नको असा समज होतो.

अमेरिकेत ही अपेक्षा गैर नाही. जनरल मोटर्स, फोर्ड आणि मोपार आजही जुन्या गाड्यांत बसतील अशी कोरी इंजिने पेटीत बंद करून विकतात. शेव्हरोलेने 1955 साली आणलेल्या लहान व्ही-एट इंजिनाचे वंशज तिथे असे घरपोच मिळतात. मात्र पेटीवर कंपनीचा शिक्का असला तरी आतली जुळणी शेवटी माणसांनी आणि यंत्रांनीच केलेली असते. ओतीव ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीत साच्याची वाळू राहून गेलेली असते. तेलाच्या बारीक वाटांमध्ये कातकामाचा कीस अडकतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शातले पाच-सहा हिस्से एवढीच फट ठेवायची असते. ती कमी पडली तर क्रँक जखडते आणि जास्त झाली तर तेलाचा दाब टिकत नाही. यातले काहीही पेटी उघडून दिसत नाही. म्हणून तिथले जाणकार कोऱ्या इंजिनाचेही ऑईलपॅन खोलून पाहतात, आणि शेजारी त्यांना संशयी म्हणतात.

पहिल्या अर्ध्या तासाचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. जुन्या पद्धतीच्या, सपाट टॅपेटच्या इंजिनात कॅमशाफ्ट आणि टॅपेट एकमेकांना घासूनच रुळतात. त्यासाठी पहिली वीस-तीस मिनिटे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर चालवावे लागते आणि तेलात जस्ताचे संयुग पुरेसे असावे लागते. आजच्या तेलांत ते कमी केलेले आहे, कारण त्याने धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होते. कॅम घासून गेला की मालक कारखान्याला दोष देतो, कारखाना तेलाला देतो आणि तेलवाला मालकाला. हा वाद मिटवण्यासाठी इंजिने नव्याने बांधणाऱ्या काही कारखान्यांनी एक युक्ती काढली आहे. इंजिनावर ते धातूची एक छोटी टिकली चिकटवतात. इंजिन मर्यादेबाहेर तापले की टिकलीचा मधला ठिपका वितळतो आणि त्याबरोबर वॉरंटीही जाते. मालक कितीही शपथा घेवो, टिकली साक्ष फिरवत नाही.

आपल्याकडे अशी व्यवस्था मुख्यतः ट्रकवाल्यांच्या वाट्याला आली. टाटा मोटर्सच्या ‘प्रोलाइफ’ योजनेत जुने इंजिन देऊन कंपनीने नव्याने बांधलेले इंजिन घेता येते, तेही बिलासकट. कॉन्टेसाच्या मालकाला असे दार कोणी उघडून देत नाही. तिची इसुझू इंजिने इंदूरजवळ पिथमपूरला बनत. त्याच कुळीचे इंजिन नव्वदच्या दशकात अॅम्बॅसॅडर 1800 आयएसझेडमध्येही बसले. म्हणून आज कॉन्टेसासाठी मिळणारे ‘तयार’ इंजिन हे बहुधा एखाद्या कैलासवासी अॅम्बॅसॅडरचे असते. ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, दिल्लीच्या मायापुरीत किंवा कोलकात्याच्या मलिक बाजारात वाट पाहत पडलेले असते.

त्याची वंशावळ विक्रेता तोंडी सांगतो. ‘‘कलेक्टरसाहेबांच्या गाडीचं आहे, फार चाललेलं नाही,’’ हे त्यातले सर्वांत प्रचलित विधान. महाराष्ट्रात जिल्हे 36. बाजारात आलेली कलेक्टरांच्या गाड्यांची इंजिने मोजली, तर प्रत्येक जिल्ह्याला एका वेळी किमान डझनभर कलेक्टर होते असे मानावे लागते. टॅक्सीचे इंजिन मात्र आजवर कोणी विकलेले नाही, त्यामुळे टॅक्स्या कशावर धावत होत्या हे कोडेच आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी रस्त्याकडेला टांगलेली प्रत्येक माळ कार्ले गावचीच असते. इंजिनांच्या मूळगावाचेही तसेच आहे, फक्त कांदा निदान चिरून पाहता येतो.

बुडालेली इंजिने हा एक वेगळाच वर्ग आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या असंख्य गाड्या छपरापर्यंत पाण्यात गेल्या. अशा गाड्या विम्यातून भंगारात जातात, आणि भंगारातून त्यांची इंजिने धुऊन पुसून पुन्हा जगात येतात. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना कोणी चावी फिरवली असेल, तर पाणी दबत नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. तो किंचित वाकलेला असला तरी इंजिन सुरू होते, चालते आणि विकलेही जाते. रॉड तुटतो तो नंतर, बहुधा ग्राहक विक्रेत्यापासून शंभरेक किलोमीटर लांब पोचल्यावर. कुर्ला ते नागाव अंतर साधारण तेवढेच भरते.

पारख करताना पहिल्यांदा रंगाकडे दुर्लक्ष करावे. इंजिनाच्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त वस्तू चंदेरी रंग असल्याने तोच सर्वांत सढळ हाताने वापरलेला असतो. बोल्टांच्या खाचांतही रंग गेला असेल, तर ते बोल्ट रंगकामानंतर कोणी फिरवलेले नाहीत, एवढेच त्यावरून सिद्ध होते. पुढे तेलाचे झाकण काढून आतून पाहावे. तिथे पांढुरकी साय जमली असेल, तर तेलात पाणी जात असल्याचा संशय घ्यावा. प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावी. ती कुठे अडली तर किंमत विचारण्याचे कष्टही घेऊ नयेत.

कॉम्प्रेशन गेजने मोजावे. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे एखादाच आकडा थोर असण्यापेक्षा महत्त्वाचे, आणि दहा टक्क्यांहून जास्त तफावत बरी नव्हे. ज्याचा आकडा कमी त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजले की दोष कुठे आहे ते कळते. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह. बाजारात गेज मागितले की बहुतेक वेळा अंगठा पुढे होतो. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून विक्रेता म्हणतो, ‘‘बघा, उडवतो की नाय!’’ अंगठा उडतो हे खरे आहे. पण अंगठ्यावर आकडे नसतात.

चालू करून दाखवलेल्या इंजिनाबद्दल सावध राहावे. ग्राहक येण्याआधीच ते गरम असेल, तर त्याची थंड असतानाची खोड लपवायची असावी. तेलात गिअर ऑईल मिसळले की खडखड आणि धूर दोन्ही काही काळ गप्प बसतात. निळा धूर तेलाचा, काळा जादा पेट्रोलचा, आणि थांबायचे नाव न घेणारा पांढरा पाण्याचा. एवढे पाठ असलेला ग्राहक विक्रेत्यांना आवडत नाही. ‘फुल इंजिन’ म्हणताना त्यात कार्बोरेटर, स्टार्टर, अल्टरनेटर आणि फ्लायव्हील धरले आहेत की नाहीत हे आधी लिहून घ्यावे. पैसे दिल्यावर या चारही वस्तू ‘वेगळ्या’ होतात.

इंजिन नागावात पोचल्यावर एक स्थानिक अडचण येते, जी कुठल्याही पुस्तकात दिलेली नाही. इंजिन गाडीत उतरवायला चेनकप्पी लागते आणि चेनकप्पी टांगायला फांदी. नागावात झाडे हवी तितकी आहेत, पण ती नारळाची आणि पोफळीची, म्हणजे ज्यांना फांदीच नाही अशी. एखाद्या वाडीत जुना फणस किंवा आंबा असला, तर गाडी ढकलत त्याच्याखाली न्यावी लागते, आणि झाड शेजाऱ्याचे असले तर आधी शेजाऱ्याशी जुने हिशेब मिटवावे लागतात. लोखंडी घोडी भाड्याने मिळते, पण पोरे जमतात ती झाडाखालीच.

बसवल्यानंतरचे पहिले हजार किलोमीटर इंजिन मध्यम वेगात, भार बदलत चालवावे, नुसते उभ्या उभ्या घरघरवू नये आणि तेल लवकर बदलावे, असे सांगतात. शनिवारी अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत यातले घरघरणे तेवढे जमते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो 2020 पासून सुरू आहे. तिच्यातून गाडी आणली तर समुद्रावरचे अंतर या हिशेबात धरत नाहीत.

इथून पुढे नागावची हवा आपले काम हाती घेते. खारा वारा आधी बाहेरचे बोल्ट आणि विजेची टोके खातो, मग व्हॉल्व्ह उघडा राहिलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो. जून ते सप्टेंबर गाडी हलत नाही, आणि ताडपत्री पाऊस थांबवते तशी आतला दमटपणाही थांबवून ठेवते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचे मचूळ पाणी ओतण्याची पद्धत आहे, कारण ते फुकट आणि जवळ असते. त्यातले क्षार पाण्याच्या वाटांत बसतात आणि कार्लेखिंडीत त्याची आठवण करून देतात. फोटोसाठी गाडी पुळणीवर नेणारे तर वेगळेच. भरतीला चाके रुतली की ट्रॅक्टरवाल्याला बोलवावे लागते, आणि भाव ठरवताना त्याला घाई नसते, कारण पाणी त्याच्या बाजूने चढत असते. अशा गाडीतले इंजिन कारखान्यातून आलेले असो की कुर्ल्याहून, दोघांचे आयुष्य सारखेच निघते. विक्रेत्याला दोष देण्याआधी मालकाने एवढे मान्य करायला हरकत नाही, पण सहसा करत नाहीत.

कागदपत्रांची बाजू कोरडी असली तरी टाळण्यासारखी नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार इंजिन बदलल्यास 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. एमएच-06 च्या, म्हणजे रायगडच्या, गाडीला त्यासाठी पेणचे परिवहन कार्यालय गाठावे लागते. तिथे इंजिनावरच्या कोरीव क्रमांकाची पेन्सिल घासून छाप घेतात. क्रमांक कानशीने घासलेला असेल, तर मालकाला इंजिनापेक्षा स्वतःच्या जामिनाची चिंता करावी लागेल, म्हणून बिलावर क्रमांक घातल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे कॉन्टेसात टोयोटाचे सहा सिलिंडरचे इंजिन घालून तिला खरीखुरी मसल कार करण्याचे बेत आखणाऱ्यांनी आधी वकील पाहावा, मग मिस्त्री.

या सगळ्यावरून निकाल द्यायचाच तर तो तयार इंजिनाच्या विरुद्ध जातो. ब्लॉक फुटलेला नसेल तर आपलेच इंजिन खोलून, बोअर करून, क्रँक घासून, नव्या पिस्टन-रिंगांसह पुन्हा बांधून घेणे चांगले. वेळ जास्त लागतो आणि मिस्त्री दर आठवड्याला ‘‘गणपतीपर्यंत देतो’’ म्हणतो, गणपती कुठल्या वर्षीचे ते सांगत नाही. पण त्या इंजिनाने काय काय सोसले हे मालकाला ठाऊक असते, आणि ते कोणा कलेक्टरचे नसते.

मूळ ब्लॉक भंगारात देऊ नये, याला आणखी एक कारण आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, मात्र तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. 1984 ची कॉन्टेसा 2034 साली पन्नाशी गाठेल. तोपर्यंत ब्लॉक कोरड्या जागी, तेल चोळून आणि समुद्राकडे पाठ करून ठेवावा.