नावेच्या नावानं चांगभलं

सांगलीच्या माणसाला पाणी फुटांत कळतं, आणि तेही एकाच जागी मोजलेलं: आयर्विन पुलापाशी. पावसाळ्यात आमच्याकडे ‘काय, बरं आहे ना?’ असं कुणी विचारत नाही, ‘पुलाला किती?’ असं विचारतात. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७च्या वर गेलं, तेव्हा आईनं लोणच्याच्या बरण्या आधी माळ्यावर आणि मग काकांच्या तिसऱ्या मजल्यावर नेल्या. तेव्हापासून ५७ हा आकडा आमच्या घरात मोठ्यानं उच्चारत नाहीत. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मी ‘आई, बोट घेतोय, ५७ फुटी’ म्हणालो तेव्हा पलीकडे जी शांतता पसरली, ती नेट गेल्याची नव्हती.

‘आधी पोहायला शीक,’ एवढंच ती म्हणाली आणि फोन अण्णांकडे दिला.

अण्णांनी बोट कशाला, केवढ्याला, कुठल्या पैशानं, यातलं काहीच विचारलं नाही. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि म्हणाले, ‘विमा कुणाचा?’

अण्णा एकतीस वर्षं एलआयसीचे एजंट होते. सायकलपासून लूनापर्यंत आणि लूनापासून स्कूटरपर्यंत त्यांनी मिरज-तासगाव रस्त्यावर माणसांचे जीव उतरवले. ‘जीव उतरवणे’ हा शब्दप्रयोग मला लहानपणी फार भयानक वाटायचा. आमच्याकडे कुणी पाहुणा आला की अण्णा त्याचं वय मनातल्या मनात हप्त्यात मांडत. अशा घरात वाढलेल्या मुलानं इंग्लंडात मिल्टन कीन्सला वीस वर्षं राहून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर बोट घ्यावी आणि विम्याचा विचारच करू नये, हे अण्णांच्या दृष्टीनं पूर्वजांना पाणी न देण्यासारखं होतं.

बोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शीड, समुद्र आणि पांढरी पँट आली असेल तर ती पुसून टाका. ही नॅरोबोट. इंग्लंडात दोनशे वर्षांपूर्वी कोळसा आणि मडकी वाहायला कालवे खणले, त्यांतून चालणारी. रुंदी सहा फूट दहा इंच, कारण मिडलँड्समधल्या बऱ्याच कालव्यांची लॉकं, म्हणजे बोट चढवायचे-उतरवायचे दारबंद हौद, सात फुटी आहेत. लांबी ५७, कारण उत्तरेकडे काही लॉकं आखूड आहेत आणि एवढ्या लांबीची बोट जवळजवळ सगळीकडे जाते. थोडक्यात, लोखंडी आगगाडीचा एक डबा पाण्यात सोडलेला. वेगमर्यादा ताशी चार मैल. काठानं कुत्रं फिरवणाऱ्या आजीबाई आपल्याला मागं टाकून जातात आणि वळून हातही करतात. आमच्या घरामागून जाणारा ग्रँड युनियन कालवा लंडनपासून बर्मिंगहॅमपर्यंत १३७ मैल आणि १६६ लॉकं, आणि पाणी, बहुतेक ठिकाणी, चार फूट.

‘चार?’ अण्णा म्हणाले. ‘मग बुडेल कशी?’

हाच प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर असं की चार फूट पाण्यात माणूस उभा राहू शकतो, पण बोट व्यवस्थित बुडते. तिचा तळ टेकतो, छप्पर वर राहतं आणि आत गाद्या, फ्रिज, इंजिन, बॅटऱ्या आणि बायकोनं हौसेनं लावलेले पडदे बुडतात. वर ती कालव्याच्या मधोमध बसलेली असते, म्हणजे तिला उपसून काढायचा खर्चही आपलाच. आणि विमा ऐच्छिक नाहीच. कालव्यांचा कारभार २०१२पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट पाहतो. निदान दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा आणि बोट सुरक्षित असल्याचा चार वर्षांनी नवा करायचा दाखला असल्याशिवाय ते लायसन देत नाहीत.

मग मी कोटेशनं मागवली. पहिलं आलं अडीच मिनिटांत. लांबी, बांधणीचं साल, कार्डाचा नंबर. वर्षाला ९४ पौंड. मी खुशीत अण्णांना सांगितलं.

‘एवढंच विचारलं?’

‘हो. एकदम सुटसुटीत.’

‘गड्या, विकताना जो काही विचारत नाही, तो देताना सगळं विचारतो.’

मग त्या रविवारी रात्री, सांगलीच्या अकरापासून पहाटे दीडपर्यंत, अण्णांनी तीन पॉलिसी वाचल्या. मी पानं कॅमेऱ्यासमोर धरायची, त्यांनी भिंगातून पाहायची. आई मधूनमधून मागून झोपायला सांगून जात होती. मी अण्णांना एवढं सुखी त्यांच्या साठीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

बोटीच्या पॉलिसीची भाषा समुद्रावर जन्मलेली असते आणि कालव्यात ती फार अवघडून बसते. तिन्हींतल्या एका पॉलिसीत बोटीला चाचेगिरीपासून संरक्षण होतं. भूकंप, वीज आणि ज्वालामुखीचा उद्रेकही होता. मिल्टन कीन्समध्ये उद्रेक म्हटला तर तो शनिवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये होतो. चाच्यांनी नॉर्थॅम्प्टनशरमध्ये येऊन ताशी चार मैलांनी पळून जायचं ठरवलं तर पोलीस चहा पिऊन चालत येऊनही पकडतील. उलट शर्यतीत भाग घेतल्यास भरपाई नाही, असंही एक कलम होतं. अण्णांनी तिथं पेन्सिलीनं खूण करायला लावली. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, आणि पोरगा कुणाच्या नादाला लागेल याचा भरवसा नसतो.

खरं वाचायचं ते मागच्या पानांवर. गंजल्यानं, झिजल्यानं, हळूहळू झालेलं नुकसान नाही. हिवाळ्यात नळ रिकामे न केल्यानं पाणी गोठून फुटलेले पाइप नाहीत. बुडालेली बोट बाहेर काढायचा खर्च एकीत होता, दुसरीत मर्यादेसकट होता, आणि ९४ पौंडवालीत तर स्वतःच्या बोटीबद्दल अक्षरच नव्हतं. मी दुसऱ्याच्या बोटीला धडकून बुडालो तर त्याची बोट नवी आणि माझी तळाशी.

‘आणि बुडाली तर रक्कम कोणती?’ अण्णा म्हणाले. ‘आज ठरवलेली, की त्या दिवशी बाजारात असेल ती?’ बाजारभाववाल्या पॉलिसीला त्यांनी तिथल्या तिथं नापास केलं. बुडालेल्या बोटीला कुठला आलाय बाजार.

तिन्ही कागदांच्या तळाशी बारीक टाइपात, प्रत्यक्ष जोखीम घेणाऱ्या कंपनीचं नाव होतं. दोन कागदांवर एकच. वेगळे लोगो, वेगळे रंग, वेगळे हसरे म्हातारे-म्हातारी बोटीवर कॉफी पिताना, आणि मागं एकच घर. ‘दुकानं दोन, गोदाम एक,’ अण्णा समाधानानं म्हणाले. त्यांच्या पेठेत हे नेहमीचंच.

अण्णांना ही इंग्रजी विमेवाली मंडळी परकी वाटत नाहीत, हे इथं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी ते इकडं आले तेव्हा बिग बेन, राणीचा वाडा वगैरे त्यांनी गाडीतूनच पाहिलं. त्यांना पाहायचं होतं लॉइड्स. सतराव्या शतकात एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे कप्तान आणि व्यापारी जमायचे आणि तिथंच विम्याच्या कागदांवर सह्या व्हायच्या, हे त्यांनी कधीतरी प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि ते त्यांना फार पटलं होतं. पॉलिसी चहाच्या कपावरच खपते हे त्यांचंही निरीक्षण. लाइम स्ट्रीटवरची १९८६ सालची ती इमारत, सगळे पाइप आणि लिफ्ट बाहेरच्या अंगाला, पाहून त्यांनी नमस्कार केला आणि हळूच विचारलं, ‘कॉन्ट्रॅक्टर मध्येच पळाला काय रे?’

तर तिसरी पॉलिसी. ती देणाऱ्या ठिकाणी ऑनलाइन काही होत नव्हतं. फोन करावा लागे आणि फोनवर एक बाई होत्या. आवाजावरून सत्तरीच्या, घसा बसलेला, आणि घाई अजिबात नाही. त्यांनी मला चाळीस मिनिटं प्रश्न विचारले. बोट कुठं बांधणार? हिवाळ्यात तिथं कोण बघणार? स्टोव्ह कोळशाचा का? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठं लावलाय? बोट ३० वर्षांची, मग पाण्याबाहेर काढून पत्रा कधी तपासला? या आधी बोट चालवण्याचा अनुभव?

इथं मी खरं तेच सांगितलं. लहानपणी हरिपूरला संगमावरून नावेनं पलीकडे गेलो होतो.

‘कोणत्या भूमिकेत?’ बाईंनी विचारलं.

‘प्रवासी. शेजारी बकरी होती.’

त्यांनी ते टिपून घेतल्याचा आवाज मला आला.

अण्णांचं म्हणणं, मी आणखीही सांगायला हवं होतं. विमा हा परम सद्भावाचा करार आहे, विचारलं नाही तरी सांगायचं, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं सूत्र. इथल्या १९०६च्या सागरी विमा कायद्यात ते होतं आणि आपल्या १९६३च्या कायद्यातही आहे. मी त्यांना सांगितलं की २०१२ साली इथल्या पार्लमेंटनं साध्या ग्राहकांसाठी ते सैल केलं, आता विचारलेल्याचं नीट आणि खरं उत्तर दिलं की पुरे. अण्णांना ते आवडलं नाही. त्यांच्या मते मी बाईंना विसर्जनाच्या वेळी विहिरीत पडलो होतो हेही सांगायला हवं होतं.

बाईंची एक अट होती: आधी पत्र्याची तपासणी. ‘म्हणजे मेडिकल!’ अण्णांचा चेहरा खुलला. मग ती ५७ फुटी कन्या क्रेननं पाण्याबाहेर निघाली, पोटाला शेवाळ आणि शिंपले लागलेले, आणि एक सर्वेअर तिच्याखाली गुडघ्यांवर बसून हातोडीनं टकटक आणि अल्ट्रासाउंडच्या यंत्रानं मोजमाप करत तासभर फिरला. तळाचा पत्रा मूळ १० मिलिमीटर, बाजूचा ६. चारच्या खाली गेला की विमेवाले नाक मुरडतात. आमच्या बाजूचा निघाला ५.२. मी अण्णांना रिपोर्ट पाठवला. त्यांनी उत्तरात पाठवलं: ‘शुगर बॉर्डरवर. चालेल.’

तपासणीचे आणि क्रेनचे पैसे वेगळे, वर हप्ता २३६. म्हणजे ९४च्या अडीच पट. बायको म्हणाली, ‘तुला प्रश्न विचारायचे पैसे लागतात, ते मी फुकट विचारते.’ तिचे प्रश्नही चांगले असतात. पण त्या बाईंनी चाळीस मिनिटांत मला बोटीबद्दल जे शिकवलं, ते विकणाऱ्यानं तीन भेटींत सांगितलं नव्हतं. विकणारा मला पितळी दिवे दाखवत होता. बाईंनी मला बोटी बुडतात कशा ते सांगितलं. लॉक उतरताना मागच्या दाराशी पाण्याखाली काँक्रीटचा उंबरा असतो. पाणी उतरत गेलं आणि बोटीची शेपटी त्या उंबऱ्यावर राहिली की नाक खाली जातं आणि पाच मिनिटांत खेळ खलास.

‘उंबऱ्यावर बसू नये, हे आपल्याकडे आधीपासून सांगितलंय,’ आई मागून म्हणाली. विम्याच्या एकूण चर्चेत तिनं केलेली ही एकमेव सूचना, आणि ती मी लॉकच्या प्रत्येक पायरीवर पाळतो.

दुसरं म्हणजे वीड हॅच. पंख्याला पिशव्या, दोऱ्या, तारा गुंडाळल्या जातात. त्या काढायला बरोबर पंख्याच्या वर बोटीच्या तळात एक झाकण असतं. माणूस हात घालून कचरा काढतो, थंडीनं कुडकुडत वर येतो, चहा घेतो आणि झाकण नीट आवळायला विसरतो. इंजिन सुरू केलं की पंखा शिस्तीत पाणी आत फेकायला लागतो. बाई म्हणाल्या, ‘झाकण लावलंत की दुसऱ्याला तपासायला सांगा.’ एवढ्यासाठी १४२ पौंड जास्त दिले म्हणा हवं तर.

शेवटचा घोळ नावाचा. आईला बोटीचं नाव ‘कृष्णामाई’ हवं होतं. इंग्रजांत बोटीचं नाव बदलणं अपशकुनी मानतात, आधीच्या मालकानं तसं बजावलंही होतं. पण आधीचं नाव होतं ‘थर्स्टी डक’. आईला अर्थ सांगितल्यावर विषय संपला. पॉलिसीचा कागद आला तो ‘कृष्णा मे’ या नावानं, जणू कुणी एसेक्सची मुलगी. मी म्हटलं, चालतंय. अण्णा ओरडले, ‘काय चालतंय? दावे नावावरच अडतात! आणि हिचं नाव म्हणजे तर नावच!’ मग पुन्हा बाईंना फोन, पुन्हा स्पेलिंग, आणि त्यांनी शांतपणे विचारलं, मे की माई? माई म्हणजे काय? आई, मी म्हटलं. नदीला तसं म्हणतात. ‘मग शेवटी आयच हवा,’ त्या म्हणाल्या आणि दुरुस्त कागद चौथ्या दिवशी आला. अण्णांनी नॉमिनीचा रकाना शोधला. नव्हता. ते त्यांना अजून खटकतं.

त्याच वर्षी जुलैत सांगलीत पाऊस लागला. रात्री मी फोन केला.

‘अण्णा, पुलाला किती?’

‘अडतीस. कोयनेतून सोडलंय, उद्या चाळीस होईल. तुझ्याकडे?’

‘चारच.’

‘हं.’ पलीकडे पावसाचा आवाज. ‘पंख्यावरचं झाकण कुणी तपासलं?’

मी बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मी छत्री घेतली, तिनं टॉर्च घेतला, आणि फोन चालू ठेवूनच आम्ही कालव्याकडे निघालो.