वेग आपल्या हातात हवा!

वस्तू कंपनीतून तयार होऊन येते, यावर बडोद्याच्या मराठी काकांचा विश्वास नसतो. कंपनीने जेमतेम जुळवून दिली, पुरी आपण करायची. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात असा एक काका हमखास सापडतो. बँकेतून निवृत्त, शिक्षण बी. कॉम., पण बोलणं सगळं कलाभवनचं. “१८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन हे तंत्रविद्यालय काढलं, दादासाहेब फाळके तिथेच शिकले,” हे अशा थाटात सांगणार, की फाळके ह्यांच्याच बाकावर बसत होते!

आमच्या काकांना मुलाने कॉर्डलेस ड्रिल आणून दिलं ते घड्याळासाठी भिंतीत एक भोक पाडायला. काकांनी ते दोनदा भुर्रकन फिरवलं आणि दोष काढला. “ट्रिगर दाबू तेवढा वेग, बोट सोडलं की बंद. म्हणजे रेग्युलेटर कोण? तर मी!” काकू वॉरंटीचा कागद ठेवायला डबा शोधत होत्या, तोवर इकडे स्क्रू सुटलेसुद्धा.

निमित्त होतं गणपतीमागच्या चक्राचं. ते संध्याकाळभर संथ फिरायला हवं. आधी ट्रिगरला रबर गुंडाळून पाहिलं. चक्र असं काही सुटलं, की पुठ्ठ्याचा मोर थेट मोदकाच्या सारणात उतरला.

“काका, पंखानुं रेग्युलेटर नाखी दो ने!” शेजारचे भाई म्हणाले.

“अहो, ते एसीचं. ही डीसी मोटर.” काकांच्या आवाजात निव्वळ करुणा.

मग पीडब्ल्यूएम कंट्रोलर आला. हा मोटरची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. चालूचा वाटा वाढवला की वेग वाढतो. इंजिनिअर भाचा चाचरत म्हणाला, “मामा, ट्रिगरच्या पोटातही हेच असतं.”

“असेल. पण हे बटण आहे. फिरवा आणि विसरा.”

विसरता मात्र आलं नाही. मोटर हळू फिरली की तिच्याच दांड्यावरचा पंखाही हळू फिरतो, आणि ती तापते. म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बाहेरून बसवला. त्याला अ‍ॅडॉप्टर. अठरा व्होल्टची बॅटरी आरतीपर्यंत टिकेना, म्हणून तिच्या जागी दुसरा, जाडजूड अ‍ॅडॉप्टर. कॉर्डलेस ड्रिलला आता दोन वायरी आहेत आणि भिंतीशी बांधलेलं ते ड्रिल घड्याळाच्या भिंतीपर्यंत पोचत नाही.

दर्शनाला आलेल्यांना काका आधी मखराच्या मागे नेतात. प्रसाद नंतर. आरतीत गिअर जरा जास्तच गुणगुणायला लागले, की टाळ्या थांबवून बटण किंचित डावीकडे.

“मामा, चक्राची तयार मोटर मिळते हो बाजारात. स्वस्तात.”

“मिळते ना! गेल्या वर्षीच आणली.”

“मग?”

“वेग एकच होता तिचा. उघडून ठेवलीय.”