डाकिणीची बाजू

परीकथा चेटकिणीच्या तोंडून सांगायची सध्या फॅशन आहे. ग्रेगरी मॅग्वायरने १९९५ मध्ये ‘विकेड’ लिहून ओझच्या चेटकिणीला न्याय दिला. आता आपल्याकडेही खलनायिका बोलू लागल्यात. वाक्यं तुटक, सूर हळवा, वर्तमानकाळ सक्तीचा.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रयोग जुनाच. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात अजूनही एखाद्या बाईला डाकीण ठरवलं जातं. निवेदक असतो भगत, आणि तो सर्वज्ञ: कुणाचं पोर कुणाच्या नजरेने आजारी पडलं, त्याला घरबसल्या कळतं. पात्रांना विचारायची पद्धत नाही. बाईला प्रथमपुरुषी निवेदन मिळतं ते थेट पोलीस ठाण्यात, तेही पोहोचलीच तर. ती बोलते पावरीत नाहीतर भिलीत, हवालदार लिहितो मराठीत: ‘मी समक्ष हजर राहून फिर्याद देते की...’ पुढे ‘सदर’, ‘नमूद’, ‘येणेप्रमाणे’. हळवेपणाला वाव नाही. खाली अंगठा.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असल्या सर्वज्ञ निवेदकाला ६ महिने ते ७ वर्षे कैदेची तरतूद आहे. निवेदनाच्या दृष्टिकोनाची इतकी गंभीर दखल मराठी समीक्षेने कधी घेतलेली नाही.