तोडल्यावर कळेल

जलसंपदा खात्याच्या फायलींत 'सुप्रमा' नावाची एक देवता वास करते. पूर्ण नाव सुधारित प्रशासकीय मान्यता. धरणाचा खर्च ठरल्यापेक्षा वाढला की तिला साकडं घालतात आणि ती बहुधा पावते. गोसीखुर्द प्रकल्प 1983 साली 372 कोटींत होणार होता. तो पुढे 18 हजार कोटींच्या वर गेला. लोक चिडतात. ज्याने डोंबिवलीतल्या वन बीएचकेचं बाथरूम फोडून नवं केलंय, त्याला मात्र सरकारवर चिडायचा नैतिक अधिकार उरत नाही.

मध्यमवर्गीय घराचं अंदाजपत्रक खर्चाचा अंदाज देण्यासाठी नसतंच मुळी. ते मंजुरीसाठी असतं. खरा आकडा उच्चारला तर काम निघणारच नाही, हे नवऱ्याला, बायकोला आणि मिस्त्रीला, तिघांनाही पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो कोणी विचारत नाही. खालच्या काकूंच्या छताला ओल आलीय, वॉटरप्रूफिंग टाळता येत नाही, साठ हजार. पीएफला हात लावायचा नाही, आईची एफडी मोडायची नाही, भिशी पुढच्या महिन्यात लागतेय. ठराव एकमताने मंजूर.

मग मिस्त्री येतो. फरशीवर बोटं वाजवतो, नळाखाली वाकून बघतो आणि म्हणतो, "साहेब, तोडल्यावर कळेल." एवढा प्रामाणिक प्रकल्प अहवाल राज्यात कुठल्या सल्लागाराने दिला असेल असं वाटत नाही.

तोडल्यावर कळतं. आतले जीआय पाइप सडलेत, सीपीव्हीसी टाकावे लागतील. इथून त्या घातक वाक्याचा अंमल सुरू होतो: "आता तोडतोच आहोत तर..." तोडतोच आहोत तर गीझरचा पॉइंट सरकवून घेऊ. तोडतोच आहोत तर टाइल्स दाराच्या उंचीपर्यंत कशाला, थेट छतापर्यंत जाऊ देत. तोडतोच आहोत तर कमोड, कारण आईचे गुडघे. सुटी पाहिली तर प्रत्येक मागणी रास्तच असते, आणि गुडघ्यांच्या विरोधात मतदान करणारा विरोधी पक्ष अजून जन्माला यायचाय.

राडारोड्याच्या गोण्या ओढताना हॉलची फरशीही तडकते. हॉल दहा बाय बारा, म्हणजे 120 चौरस फूट. तुटफूट दहा टक्के धरली की 132. दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा बॉक्स 16 चौरस फुटांचा, आठ बॉक्समध्ये 128 होतात. ते चार फूट अख्खा नववा बॉक्स खातात, आणि त्यातल्या उरलेल्या टाइल्स घरातल्या माणसांपेक्षा जास्त वर्षं दिवाणाखाली राहतात. काटकसर म्हणून आठच आणले, तर शेवटच्या ओळीत एक टाइल कमी पडते. दुकानात जावं तर नव्या लॉटची शेड वेगळी. मग तो कोपरा कायमचा शू रॅकखाली.

सरकारचा हातभार नाही असं मात्र म्हणू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. गोणीमागे पंचवीस-तीस रुपये सुटले. बाथरूमला अशा गोण्या लागतात किती! वाचलेल्या पैशांत गवंडी आणि त्याच्या दोन जोडीदारांचा दोन-तीन दिवसांचा चहा निघाला. टाइल्सवर मात्र 18 टक्केच राहिले. बिल नको म्हटलं तर तेही वाचतात, असं दुकानदार हळूच सुचवतो. इथे आपण देशाचा विचार करतो, फार वेळ नाही.

सोसायटीचं थोडक्यात: अनामत आधी, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, आणि रेती लिफ्टमधून न्यायची नाही.

सरकार पुरवणी मागण्या भर सभागृहात मांडतं. आपल्याकडे त्या मुलं झोपल्यावर, स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात मांडल्या जातात. पहिली मागणी भिशीवर भागते. दुसरीला पीएफचा फॉर्म भरला जातो. घराच्या दुरुस्तीसाठी पैसे काढता येतात, हे घरात सगळ्यांना आधीपासून माहीत होतं असं तेव्हा कळतं. तिसऱ्या मागणीच्या वेळी आई स्वतःच एफडीची पावती आणून टेबलावर ठेवते. तिने पहिल्याच दिवशी ती ट्रंकेतून काढून उशीखाली ठेवलेली असते, कारण तिच्या काळात तिनेही ओटा असाच करून घेतला होता.

पूर्णत्वाचा सोहळा म्हणजे पाहुण्यांना बाथरूम दाखवणं. "किती लागले?" या प्रश्नाला घरात तीन उत्तरं असतात: कर्जाऊ पैसे मागू शकतील अशा नातेवाइकांना मोठं, कंजूष म्हणणाऱ्यांना त्याहून मोठं, आणि मिस्त्रीचा नंबर मागणाऱ्यांना छोटं. मेहुणे मात्र उत्तर ऐकून घेतच नाहीत. ते नळ फिरवून बघतात आणि म्हणतात, "आमच्याकडे याच्या निम्म्यात झालं."

त्या निम्म्या आकड्याच्या भरवशावर आता स्वयंपाकघराचं अंदाजपत्रक तयार होतंय.