कर्नल ब्रीन यांचं रसग्रहण

निवृत्त माणसाला एखादा छंद असावा, असं डॉक्टर लोक सांगतात. तो घरच्यांना कितपत झेपेल, हे मात्र चिठ्ठीवर लिहून देत नाहीत. माझ्याबरोबर बँकेतून सुटलेल्यांपैकी कुणी बागकाम धरलं, कुणी हार्मोनियम, एकाने तर ज्ञानेश्वरी पाठ करायला घेतली. मी जुने ब्रिटिश भयपट धरले. त्यातही एकच घट्ट धरला : 'क्वाटरमास अँड द पिट', साल 1967, निर्माते हॅमर, लांबी 97 मिनिटं. आमच्या घरात हा चित्रपट माझ्याखेरीज कुणी पाहिलेला नव्हता, पण गोष्ट सगळ्यांना पाठ होती, कारण ती मी सांगत असे. भाजी निवडताना सांगत असे, रिक्षात सांगत असे. एकदा सत्यनारायणाच्या कथेत गुरुजी पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांना मी मंगळावर नेऊन आणलं होतं.

त्यामुळे लेकीकडे लंडनला जायचं ठरलं तेव्हा हिने बॅगेत भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट भरलं, आणि मी टिपणांची वही. ज्या शहराच्या पोटात ही गोष्ट घडते त्याच शहरात बसून तिचं रसग्रहण करायचं, तेही अधिकारवाणीने, असा माझा बेत होता.

पोचल्यावर पहिलं काम म्हणून मी भुयारी रेल्वेचा नकाशा भिंग घेऊन तपासायला बसलो.

"आजोबा, काय शोधताय?" नातवाने विचारलं.

"हॉब्ज एंड स्टेशन."

त्याने फोनवर दोनदा बोट फिरवलं. "असं स्टेशनच नाहीये."

"नाहीच! ते खोटं. बोरहॅमवुडच्या एमजीएम स्टुडिओत उभारलेलं होतं."

"मग शोधताय कशाला?"

काही प्रश्न वयाने लहान माणसांनी विचारू नयेत, एवढंच मी त्याला सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी बैठक ठरली. पडदे ओढले. जावईबापूंनी मोठा टीव्ही लावला. विहीणबाई आमच्या आधी महिनाभर येऊन स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बटाटेवड्यांची पहिली परात आणून ठेवली. रिमोट मी माझ्या हातात ठेवला आणि प्रास्ताविकाला उभा राहिलो.

प्रास्ताविक आवश्यकच होतं. क्वाटरमास हा कोण, हे कळल्याशिवाय माणूस थेट खड्ड्यात उतरणार कसा? तर नायजेल नील या लेखकाने 1953 साली बीबीसीसाठी सहा भागांची मालिका लिहिली. नायक अग्निबाण सोडणारा प्राध्यापक. त्याचं आडनाव नीलने लंडनच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं. मालिका थेट प्रक्षेपित होत असे, आणि तिचे पहिले दोनच भाग आज शिल्लक आहेत. शेवटच्या भागात वेस्टमिन्स्टर ॲबीत एक अक्राळविक्राळ वनस्पतीराक्षस दिसतो. तो म्हणजे खुद्द नीलचे हात! हातमोज्यांना झाडपाला चिकटवायचा आणि ॲबीच्या मोठ्या छायाचित्राला पाडलेल्या भोकातून हात बाहेर काढायचे. सगळा देश टीव्हीसमोर थिजून बसला होता म्हणतात.

"हे भारी आहे," नातू म्हणाला. "आपण हेच बघू ना."

"तो भाग शिल्लक नाही," मी म्हणालो आणि 1955 कडे वळलो. हॅमरने मालिकेवर चित्रपट काढला. त्या काळी मोठ्यांपुरत्या चित्रपटाला 'एक्स' प्रमाणपत्र मिळे. ते लपवण्याऐवजी या पठ्ठ्यांनी नावातच 'एक्स्पेरिमेंट'चं पहिलं अक्षर गाळून नुसता 'एक्स' ठेवला. नायक म्हणून अमेरिकन नट ब्रायन डॉनलेव्हीला आणलं, जो नीलला अजिबात आवडला नाही. दुसरा चित्रपट 1957 चा. तिसऱ्या कथेची मालिका बीबीसीवर 1958 च्या डिसेंबरात सुरू झाली, पण तिचा चित्रपट व्हायला 1967 उजाडलं. या वेळी प्राध्यापक झाला अँड्र्यू किअर आणि दिग्दर्शक होता रॉय वॉर्ड बेकर, ज्याने टायटॅनिक बुडाल्यावरचा 'अ नाइट टू रिमेंबर' केला होता...

"अहो," ही म्हणाली, "वडे निवले."

मी नाइलाजाने चित्रपट सुरू केला.

हॉब्ज एंड स्टेशनात खोदकाम चालू आहे. मजुरांना चिखलात एक कवटी सापडते, मग आणखी. डॉ. रोनी नावाचा शास्त्रज्ञ ठरवतो की ही माकड-माणसं पन्नास लाख वर्षांपूर्वीची आहेत. इथे मी चित्रपट थांबवला, या शोधाचं महत्त्व सर्वांच्या मनात मुरावं म्हणून.

"यात काय विशेष?" जावईबापू म्हणाले. "एलिझाबेथ लाइन खणताना लिव्हरपूल स्ट्रीटला तीन हजारांवर सांगाडे निघाले. बेडलमची जुनी दफनभूमी होती तिथे. पुराणवस्तूवाल्यांनी ते सगळे नीट काढून घेतले आणि मगच काम पुढे सरकलं."

"पण त्यांच्याखाली यान नव्हतं," मी म्हणालो आणि घाईने बटण दाबलं.

कवट्यांच्या पलीकडे धातूचं काहीतरी लागतं. युद्धातला न फुटलेला बॉम्ब असावा म्हणून लष्कर येतं आणि लष्कराबरोबर येतो कर्नल ब्रीन. ताठ मान, कडक इस्त्री, प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार. त्याला पाहताच जावईबापू पुन्हा उसळले. "अरे, हा तर 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला तो दाढीवाला म्हातारा!" ज्यूलियन ग्लोव्हरचं संपूर्ण चरित्र माझ्या वहीत तीन पानं होतं, पण ते एका वाक्यात उरकलं गेलं.

धातूवर ज्योत धरली तरी ओरखडा उठत नाही. समोरच्या ओसाड घरात शिरलेल्या पोलिसाला दरदरून घाम फुटतो. प्राध्यापक जुनी दप्तरं चाळतात तेव्हा कळतं की त्या जागी जेव्हा जेव्हा जमीन उकरली गेली, तेव्हा तेव्हा तिथे भुतंखेतं दिसल्याची नोंद आहे. मी पुन्हा थांबवलं. नीलची खरी करामत इथे आहे, मी सांगितलं. भुताची गोष्ट आणि विज्ञानकथा या दोन चुली वेगळ्या, असं लोक समजत. याने दोन्ही एकत्र मांडल्या.

"मग आपल्याकडे खणण्याआधी भूमिपूजन करतात ते काय उगीच?" विहीणबाई म्हणाल्या.

माझ्या वहीत या मुद्द्यावर काही नव्हतं.

आता स्लॅडन येतो. साधा कारागीर, ड्रिल घेऊन आलेला. आतला बंद पडदा फोडायला त्याला बोलावतात. ड्रिल किंचाळतं, भोक काही पडत नाही. मग मशीन बंद असताना आपोआपच पडतं आणि आत टोळासारखे, तीन पायांचे, शिंगं असलेले मेलेले जीव दिसतात. पण माझ्या मते चित्रपटाचा गाभा त्यापुढे आहे. स्लॅडन एकटाच सामान आवरायला मागे राहतो. एकाएकी भोवतालच्या वस्तू उडायला लागतात, तो वेडावाकडा चालत बाहेर पडतो, रस्ते तुडवत जातो आणि चर्चच्या आवारात कोसळतो. तिथली खडी त्याच्या अंगाखाली आपोआप सरसरत हलायला लागते. राक्षस नाही, रक्त नाही, नुसती खडी. ट्रिस्ट्रम कॅरीने दिलेले इलेक्ट्रॉनिक आवाज मागे घुमत असतात.

खोलीत कुणी हललं नाही. वड्याकडे गेलेला नातवाचा हात अधांतरी राहिला. रसिकतेचा असा क्षण वारंवार येत नाही. तो वाया जाऊ नये म्हणून मी चित्रपट थांबवून म्हणालो, "खडीखाली बहुधा काहीतरी यंत्र बसवून..."

"बाबा!" लेक ओरडली.

तिथून पुढे माझं आणि प्रेक्षकांचं बिनसलं. पुढच्या प्रसंगाची मी खास पूर्वतयारी करून घेतली होती : रोनीच्या सहायिकेच्या डोक्यावर यंत्र बसवून तिच्या मनातलं चित्र टिपतात आणि त्यात मंगळावरच्या त्या टोळांची आपसातली कत्तल दिसते. "श्वास रोखून पाहा," मी म्हणालो. पडद्यावर काड्यांवर नाचवल्यासारखे टोळ टुणटुण उड्या मारायला लागले. आधी नातू फुटला, मग जावईबापू. हिने पदर तोंडाला लावला, पण खांदे गदगदत होते.

बचाव करणं भाग होतं. पैसे कमी होते, मी म्हणालो. आणि मुद्दा टोळांचा नाहीच, टोळ पाहून माणसं काय करतात त्याचा आहे. प्राध्यापक म्हणतात, या मंगळवासीयांनी आपल्या पूर्वजांच्या मेंदूत फेरफार केले. आपल्यातला द्वेष, आपल्यातून वेगळा दिसेल त्याला ठेचायची खुमखुमी, ही त्यांची देणगी आहे. आणि ब्रीन काय म्हणतो? हे सगळं जर्मनांनी लंडनकरांना घाबरवायला टाकलेलं नकली अस्त्र! मंत्र्याला तेच पटतं, कारण ते छापायला सोपं आहे. समोरची वस्तू थरथरतेय, माणसं बेशुद्ध पडतायत, पण याचं आपलं स्पष्टीकरण चालूच. कुणाचं ऐकायचं नाही, काही बघायचं नाही, फक्त सांगत सुटायचं...

मी दम घ्यायला थांबलो. ही शांतपणे म्हणाली, "अहो, हा कर्नल अगदी तुमच्यावर गेलाय."

मला हसू आलं नाही. बाकी सगळ्यांना आलं. आयुष्यभर मी स्वतःला प्राध्यापक क्वाटरमासच्या जागी पाहत आलो होतो.

शेवटाकडे मी गप्प बसलो. रुसलो होतो म्हणा. त्यामुळे चित्रपटाचा मात्र फायदा झाला. यानात वीज शिरते, ते तापून उजळतं, ब्रीन त्याच्याकडे एकटक पाहत उभ्या उभ्या मरतो. आणि लंडनच्या रस्त्यांवर लोक झुंडीने निघतात. ज्याच्यात तो मंगळाचा वारसा नाही, जो वेगळा आहे, त्याला गाठून मारायला. खुद्द प्राध्यापकालाही झुंडीची बाधा होते. ही कथा नीलने लिहिली त्याच वर्षी, 1958 च्या उन्हाळ्याअखेरीस, नॉटिंग हिलमध्ये वेस्ट इंडीजहून आलेल्या लोकांवर गोऱ्या टोळक्यांनी हल्ले केले होते, आणि ती दंगल त्याच्या डोळ्यांसमोर होती. हे टिपण माझ्या वहीत तांबड्या शाईने अधोरेखित होतं. वाचून दाखवायची गरज पडली नाही. लेकीने नातवाला जवळ ओढलं आणि जावईबापूंनी पहिल्यांदाच काही टिप्पणी केली नाही.

इतक्यात पडद्यावर लंडनच्या आकाशात ते शिंगवालं तेजाळ मुंडकं उगवलं, आणि नेमकं त्याच वेळी घरात कानठळ्या बसवणारी किंकाळी उठली.

मी सोफ्यावर उभा होतो. बसलेला माणूस मधली पायरी न घेता उभा कसा होतो, हे मला आजही सांगता येणार नाही. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात उशी, आणि तोंडाने मी "ब्रीन, ब्रीन" म्हणत होतो असं नातू सांगतो. मी "विहीण, विहीण" म्हणत असणार. त्या दुसरा घाणा तळायला गेल्या होत्या, तेल धुरावलं होतं आणि छतावरचा स्मोक अलार्म बोंबलत होता.

पडद्यावर डॉ. रोनी क्रेनवर चढला. सैतानाला लोखंड सोसत नाही ही जुनी समजूत. ती सगळी ऊर्जा लोखंडातून जमिनीत उतरवायची, असा त्याचा बेत. इकडे नातू झाडूचा दांडा घेऊन खुर्चीवर चढला. रोनीने क्रेनचा हात त्या मुंडक्यात घातला आणि नातवाने दांडा अलार्मच्या बटणावर. दोन्हीकडे एकदम शांत झालं. रोनी जळून गेला. नातवाला मात्र वडा मिळाला.

"म्हणजे अर्थिंगच की," विहीणबाई झारा हातात घेऊन दारात उभ्या राहून म्हणाल्या. "आमच्या नाशिकच्या गिझरला नव्हतं, तेव्हा असाच झटका बसायचा."

शेवटी उद्ध्वस्त रस्त्यावर प्राध्यापक आणि ती सहायिका एकमेकांशी एक शब्दही न बोलता नुसते थांबतात आणि त्यावरूनच श्रेयनामावली सरकते. विजयाचं भाषण नाही, मिठी नाही. या शेवटावर वहीत पावणेदोन पानं होती. मी सोफ्यावरून उतरेपर्यंत जावईबापूंनी टीव्ही बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो. स्वयंपाकघरातून विहीणबाईंचा आवाज येत होता. त्या नाशिकला बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "अगं, किडे बघून हसूच येतं. भीती किड्यांची नाहीच, माणसांची वाटते. शेजारचा चांगला माणूस एकदम दगड उचलतो ना, त्याची. आणि ती खडी हलते बघ, तिथे तर माझं जेवणच गेलं. नक्की बघ. जुना आहे, साठ साली आलेला."

मला राहवलं नाही. "सदुसष्ट," मी तिथूनच ओरडलो. "मालिका अठ्ठावन्नची, चित्रपट सदुसष्टचा!"

"थांब हं जरा," विहीणबाई फोनमध्ये म्हणाल्या. "इथे आमचे कर्नल काहीतरी सांगतायत."