केसालाही धक्का न लावता

भारतीय पुरुषाच्या आत्मसन्मानाची मुळं नेमकी कुठे असतात, याचं संशोधन हिंदी सिनेमानं नोव्हेंबर २०१९ मध्ये एकदाचं पूर्ण केलं. ती टाळूवर असतात. आठवड्याभराच्या अंतरानं ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’ हे टकल्या नायकांचे दोन विनोदी चित्रपट लागले. मूळ कल्पना कोणाची, यावरून कायदेशीर भांडणही जुंपलं. लग्नाच्या बाजारात ज्या टकलाला कोणी विचारत नव्हतं, त्यावर आता दोन-दोन निर्माते हक्क सांगत होते!

‘बाला’चा नायक कानपूरचा. लोकांना गोरेपणाची क्रीम विकतो आणि स्वतःच्या डोक्यावर नाना लेप थापतो. अखेर टोप घालून बोहल्यावर चढतो. बिंग फुटतं, बायको सोडून जाते आणि मग त्याला उमगतं की माणसानं आहे तसं स्वतःला स्वीकारावं.

विचार थोर आहे. फक्त तो मांडायला टक्कल असलेला नट काही मिळाला नाही. मग आयुष्मान खुरानाच्या भरघोस केसांवर मेकअपचं टक्कल बसवलं. ‘उजडा चमन’च्या सनी सिंगचंही तेच. पडद्यावरचा नायक टक्कल झाकायला टोप घालतो, पडद्यामागचा नट केस झाकायला टक्कल. ‘बाला’त रंगावरून टोमणे खाणारी वकील लतिका हवी होती, तर भूमी पेडणेकरला काळं फासलं. नायकाच्या गोऱ्यापान मॉडेल बायकोसाठी मात्र काहीच करावं लागलं नाही. यामी गौतम फेअर अँड लव्हलीच्या जाहिरातींतून आधीच घरोघरी पोचली होती. वास्तववाद म्हणतात तो हा.

‘उजडा चमन’ बेतला होता ‘ओंदु मोट्टेय कथे’ या २०१७ च्या कन्नड चित्रपटावर. त्यात राज बी. शेट्टीनं लेखन, दिग्दर्शन आणि नायकाचं काम तर केलंच, वर टक्कलही घरचंच आणलं. हिंदीवाल्यांनी कथा ठेवून घेतली, टक्कल परत पाठवलं.

‘बाला’त एक जागा मात्र खरी आहे. स्वतःला स्वीकारल्याबद्दल बक्षीस म्हणून लतिका मिळेल, अशा थाटात नायक तिला मागणी घालतो आणि ती सरळ नाही म्हणते. तिचं लग्न आधीच ठरलेलं असतं. पुरुषाच्या साक्षात्काराची वाट बघत ती बसलेली नसते.

तेव्हा समस्त टकल्यांनो, निर्धास्त राहा. आहात तसे स्वतःला स्वीकारा. पडद्यावर तुमचं काम करायला भरघोस केसांचा देखणा माणूस केव्हाही तयार आहे.